शिसं वाजत नाही

दुमिंगदादा शिसं ओळखायचा ते कानानं. भंगारातून आणलेला तुकडा तो ओट्याच्या फरशीवर टाकायचा आणि मान वाकडी करून ऐकायचा. टण्ण झालं की तुकडा बाजूला. नुसतं थप झालं की खूश.

"शिसा वाजत नाय, पास्कू. गुपचूप पडतो. वाजला तो शिसा नाय."

मी चौथीपर्यंत शिकलो, पुढं होडीवर गेलो. लिहायची सवय नाही. पण माझी बायको आग्नेस गेली, तिच्यामागून दोन महिन्यांत दादाही गेला, आणि दादाबद्दल जे सांगायचं आहे ते तोंडानं सांगायला गेलो की लोक मधेच म्हणतात, "जाऊ दे रे, झालं ते झालं." कागद मधे बोलत नाही. म्हणून लिहितो. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकतो. दादाचा उजवा हात कामातून गेला. तो कदाचित वाचला असता. मी वेळेवर एक वाक्य बोलायचं होतं, ते बोललो नाही.

वसईच्या पाचूबंदरला आमची घरं समोरासमोर. मधे गल्ली, एक हातगाडी जाईल एवढी. दादा माझ्याहून दहाबारा वर्षांनी मोठा. तरुणपणी होडीवर पाय मोडला, नीट बसला नाही, तेव्हापासून तो दर्यावर गेला नाही. अंगणात भेंडीचं झाड होतं, भाजीची नव्हे, सावलीची भेंडी, त्याखाली तीन दगड मांडले, लोखंडी कढई ठेवली आणि जाळ्यांना लागणारं शिसं ओतायला बसला. तो बसला तो पस्तीस-चाळीस वर्षं बसला.

जाळ्याला वरच्या दोरावर बोया असतात आणि खालच्या दोरावर शिसं. बोया वर ओढतात, शिसं खाली ओढतं, तेव्हा जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. शिसं नसेल तर जाळं म्हणजे पाण्यावर पसरलेलं लुगडं. बाजारात तयार शिसं मिळायचं, पण त्याच्या कडा दोर कापतात असं दादाचं म्हणणं. सगळ्या बंदराचंच ते म्हणणं झालं होतं.

रिक्षा-टेम्पोच्या मेलेल्या बॅटऱ्या यायच्या. दादा कुऱ्हाडीनं त्या फोडायचा, आतलं आंबट पाणी भिंतीच्या कडेला वाळूत ओतायचा. तिथं गवताची काडी उगवायची नाही. "एवढी जागा झाडायला नको," म्हणायचा. कढईत शिसं वितळलं की वरची मळी झाऱ्यानं काढायची, आणि खालचं चकचकीत शिसं कौलाच्या पन्हळीत ओतायचं. थंड झालं की लांब पट्टी. छिन्नीनं तिचे तुकडे. मग तो तुकडा दोरावर गुंडाळायचा आणि दातानं दाबायचा.

हो, दातानं. पक्कड दोर कापते, हातोडी शिसं चेपटं करते. "दाताना कलतं कुठं थांबायचं," दादा म्हणायचा. बाप तसं करायचा, आजा तसं करायचा. आमच्यात कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कमरेला चौकड्यांची लुंगी, गळ्यात मळकट दोऱ्यात सायबिणीचं, देवमातेचं, पदक, कानावर विडी. शिसं हाताळलेल्या बोटांनीच पाव चहात बुडवायचा. त्याची लेक लुसी, नवरा गेल्यावर माहेरीच राहिलेली, दारातून ओरडायची, "बाबा, हात धू!"

"शिशाना मल लागत नाय."

"शिसा राहू दे, हाताला लागतो ना!"

"मग हात धुतला का शिसा खराब व्हइल," दादा म्हणायचा आणि पाव तोंडात टाकायचा. त्याच्याशी वाद घालून कुणी जिंकलेलं मला आठवत नाही.

आग्नेस राजोडीची. तिच्या बापाची भाजीची वाडी. आमचं लग्न झालं आणि पहिल्याच मोसमात ती दादाच्या अंगणात चटईवर येऊन बसली, मला शिसं लावायला शिकवा म्हणाली. दादानं तिच्याकडं न बघता मला विचारलं, "काय रे पास्कू, वांग्याच्या वाडीतली पोरगी, हिना जाला काय समजनार? उलटा धरल."

आग्नेस पुढं सरकली. त्याच्यासमोरचे मूठभर तुकडे उचलले आणि गालात भरले, जशा बायका चणे भरतात. मग एकेक तुकडा जिभेनं पुढं आणायची, दोरावर बसवायची, कट् करून दाबायची. हात दोरावरून सुटायचाच नाही. दादा प्रत्येक तुकड्यासाठी डब्यात हात घालायचा, ती गालातून काढायची. दुपारपर्यंत ती त्याच्या पुढं गेली. दादानं चटईवरची सावलीतली जागा तिला दिली आणि स्वतः उन्हात सरकला. दादानं कुणाला सावली दिली असं त्यापूर्वी झालं नव्हतं.

त्यानंतर मोसमाच्या तोंडावर दोघांची जोडी. तो बडबडायचा, ती गालात शिसं धरून नुसती हूं हूं करायची. मी गेलो की दादा हमखास म्हणायचा, "बघ पास्कू, हिच्या तोंडात शिसा हाय तवर तुझ्या घरात शांती. माझे उपकार मान." मी हसायचो. ती पण हसायची, ओठ मिटून, तुकडे पडू नयेत म्हणून.

हे मी कितीदा हसलो असेन ते देवाला माहीत.

दादाचं पोट दुखायचं. साधं नाही, पिळून काढल्यासारखं. गुडघे पोटाशी घेऊन ओट्यावर पडून राहायचा. आम्ही म्हणायचो, ताडी जास्त झाली. तो म्हणायचा, सुके बोंबील बाधले. मग गुळाचा खडा चघळायचा, गुळानं शिशाची बाधा उतरते असं त्याला कुणी सांगितलं होतं. म्हणजे बघा, बाधा होते हे ठाऊक होतं. फक्त ती गुळानं जाणारी आहे असा समज होता.

आणि राग. आधी तो टोमणे मारायचा, नंतर नंतर अंगावर यायचा. एकदा लुसीनं चहा सांडला तर कप भेंडीवर फेकून मारला. अर्ध्या तासानं स्वतःच तुकडे गोळा करत बसला आणि मला म्हणाला, "माझ्या डोक्यात कोन बसलाय रे? मी असा नव्हतो."

त्याच्या हिरड्यांवर दातांच्या मुळाशी एक निळीकाळी रेघ होती. ती तो ओठ वर करून लोकांना दाखवायचा. "लुगड्याला काठ असतो, तसा कामकऱ्याला." आग्नेसच्या हिरड्यांवर तसा काठ आला त्या दिवशी दादानं तिला नारळाची वडी दिली.

एक गोष्ट मात्र तो फार नाजूकपणानं करायचा. गल्लीतल्या प्रत्येक पोराला पहिल्या कम्युनियनच्या दिवशी, देवळात पहिला प्रसाद घेतात तेव्हा, तो शिशाचा छोटा मासा द्यायचा. मऊ मातीत बोटानं साचा काढायचा, त्यात ओतायचा, मग सुईनं खवले आणि डोळा. पोरं तो मासा खिशात ठेवायची, उशाशी ठेवायची, तोंडात धरायची. गल्लीतलं एक घर नसेल जिथं दादाचा मासा नव्हता.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आग्नेसला जिना चढवेना. तोंड पांढरं, पाय सुजलेले. वसईत एका डॉक्टरबाईंकडं नेलं. त्यांनी डोळे बघितले, जीभ बघितली, मग बॅटरी घेऊन हिरड्या बघितल्या आणि थांबल्या.

"काय काम करता?"

"जाल्याना शिसा लावते."

"हातानं?"

"दातानं," आग्नेस म्हणाली. जरा अभिमानानंच म्हणाली.

रक्त मुंबईला पाठवलं. कागद आणायला मी एकटाच गेलो, त्या दिवशी आग्नेसला सुकी मासळी घेऊन बाजारात बसायचं होतं. डॉक्टरबाईंनी कागद माझ्याकडं सरकवला आणि हळू आवाजात, एकेक शब्द तोडून सांगितलं. शिसं रक्तात जातं. हाडात जाऊन बसतं. मूत्रपिंडं बिघडवतं, रक्त कमी करतं, दाब वाढवतं. हातापायांच्या शिरा मारतं. लहान पोरांच्या डोक्यावर बसतं. तिनं आजपासून शिशाला हात लावायचा नाही. मग विचारलं, "हे वितळवतं कोण?"

मी दादाचं सांगितलं. पोटाचं सांगितलं, रागाचं सांगितलं. आणि हेही सांगितलं की हल्ली त्याच्या उजव्या हाताची बोटं नीट उचलत नाहीत, कप धरला की कलतो.

बाई खुर्चीत पुढं सरकल्या. "मग त्यांना आजच पाठवा. ती चूल बंद करा. आत्ता थांबले तर हात परत येऊ शकतो. उशीर झाला तर मी काही सांगू शकत नाही. आज सांगा हं. उद्या नाही."

मी हो म्हणालो. रक्त वाढायला बीट द्या असंही त्या म्हणाल्या होत्या, म्हणून येताना मी बीट घेतली. पिशवीत खाली कागद, वर बीट.

गल्लीत शिरलो तर भेंडीखाली माझंच जाळं पसरलेलं. नवं. आदल्या वर्षीचं खडकात अडकून फाटलं होतं, अख्खा मोसम उसन्या जाळ्यावर काढला होता. हे नवं, आणि त्याच्या खालच्या दोराला जेमतेम अर्धं शिसं लागलेलं. एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला बाजारातून परत आलेली आग्नेस, गाल फुगलेला. होड्या उतरायला दीडेक महिना होता.

"काय म्हनली डॉक्टरीन?" दादानं विचारलं.

मी म्हणालो, "रक्त कमी हाय म्हनते. बीट खायाला सांगितलाय."

एवढंच. तेवढ्यावर मी घरात गेलो.

मी स्वतःला सांगितलं, एवढं जाळं होऊ दे. मग सांगतो. दादा आज उठला तर मी शिसं आणू कुठून, लावणार कोण. चाळीस वर्षं झाली नाही ती बाधा महिन्यानं काय होणार. असं सगळं सांगितलं स्वतःला, आणि मला ते पटलंही. रात्री झोप लागायची, खोटं कशाला बोलू.

आग्नेसला एवढं म्हणालो, "पक्कड वापर, दात झिजतील तुझे."

ती म्हणाली, "पक्कडीना दोर कापतो. तुना जाला पायजे का चिंध्या?"

तिनं माझ्या जाळ्याचा राहिलेला अर्धा दोर दातानं भरला. रोज संध्याकाळी मी तिला बीट कापून द्यायचो.

मोसम सुरू झाला. होड्यांना पताका लागल्या, फादर पवित्र पाणी शिंपडायला बंदरावर आले. दादा दरवर्षीसारखा सगळ्यांत पुढं. प्रार्थना संपली, सगळ्यांनी कपाळाछातीवर क्रूस काढला, तर दादानं डाव्या हातानं काढला. मागून एक म्हातारी करवादली, "काय रे दुमिंग, डाव्या हातानं सैतानाना बोलावतंस काय?"

"उजवा सुट्टीवर हाय, बाय. सैतानाना सांग, नंतर ये."

सगळे हसले. मी त्याच्या उजव्या हाताकडं बघितलं. मनगटातून सरळ खाली लोंबत होता, मेलेल्या पाखराच्या मानेसारखा. तो वर राहावा म्हणून त्यानं जाळं विणायची बांबूची सुई मनगटाला सुतळीनं बांधली होती. तरी हात राहत नव्हता.

होडी गेली. नवं जाळं पाण्यात काय सुरेख उभं राहिलं! पहिल्या फेरीहून आलो आणि तिसऱ्या दिवशी दादाच्या अंगणात गेलो. त्याच्याकडं दुसऱ्या कुणाचं काम चालू होतं, कढई चढलेली होती. आग्नेस शेजारी कोळंबी सोलत होती. मी दोघांना एकदमच सांगितलं. सगळं. कागदही दाखवला. त्याला बीटचा लाल डाग पडला होता.

दादानं कागदाकडं बघितलंही नाही. "कवा सांगितला तिना?"

"मिरगात."

तो जरा वेळ भेंडीखालच्या रिकाम्या जागेकडं बघत राहिला, जिथं माझं जाळं पसरलेलं असायचं. "म्हंजे तुझा जाला व्हायचा होता," म्हणाला. विचारलं नाही. नुसतं म्हणाला.

आग्नेसनं कोळंबी लागलेलं बोट तसंच तोंडात घातलं आणि हिरडीवरून फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. मग म्हणाली, "म्हनून बीट."

चहा सांडला म्हणून कप फोडणारा माणूस. मला वाटलं होतं आता छिन्नी फेकील. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो उठला, लंगडत चुलीपाशी गेला, दोन काठ्यांनी कढई उतरवून बाजूला ठेवली आणि पाण्याची कळशी विस्तवावर ओतली. वाफ उठली ती त्याच्या अंगावरच. त्यानंतर ती चूल पेटली नाही.

लुसीला म्हणाला, "पोरांच्या डोक्यावर बसतो म्हनाली ना ती? माझी काठी दे."

त्याच दुपारी दादा गल्लीत दारोदार फिरला. मासा परत द्या. लोक हसले. "काय दुमिंग, दिलेला परत मागतंस? पोराची आठवण हाय ती." एका घरी तर देईनात, त्यांचा मुलगा परदेशी, त्याची वस्तू कशी द्यायची. दादा त्यांच्या पायरीवर बसला. संध्याकाळ झाली. "माझी चूक तुमच्या घरात ठेवून मी जानार नाय," म्हणाला. शेवटी त्या बाईनं पेटीतून मासा काढून दिला. सगळे मासे त्यानं पत्र्याच्या डब्यात भरले, झाकणाला डांबर लावलं.

त्याला कळलं आणि त्यानं त्याच दुपारी केलं. मला कळलं आणि मी बीट आणली. आम्हा दोघांत एवढाच फरक. पण हा फरक मला आजन्म पुरेल.

डॉक्टरबाईंनी त्याला औषधं दिली, व्यायाम दिले. पोटाचं दुखणं गेलं, बोटं थोडी हलू लागली, मनगट काही उठलं नाही. महिनाभर आधी आला असता तर उठलं असतं का, असं मी एकदा त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "कदाचित." मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाल्या, "नक्की कुणीच सांगू शकणार नाही." ते दुसरं वाक्य त्या दयेनं बोलल्या.

दादानं माझ्याशी बोलणं टाकलं नाही. "आयलास? बस." "पानी घे." सगळं व्यवस्थित. फक्त मला टोमणा मारणं त्यानं बंद केलं. गल्लीतल्या कुत्र्याला तो टोमणे मारायचा, फादरना मारायचा. मला नाही. पाहुण्यासारखं वागवायचा.

आग्नेसची मूत्रपिंडं हळूहळू गेली. आधी गोळ्या, मग रक्त धुवायचं मशीन. तिला दाबही होता, कशामुळं काय झालं हे डॉक्टर छातीठोक सांगत नाहीत. मशीन नसेल त्या दुपारी ती दादाच्या ओट्यावर जाऊन बसायची. तो डाव्या हातानं जाळं सांधायला शिकत होता, ती फाटलेली बाजू ताणून धरायची. दोघांचं हसणं घरात ऐकू यायचं. मी बाहेर आलो की कमी व्हायचं. तिनं मला कधी काही म्हटलं नाही. एकदाच, पानात बीटची कोशिंबीर होती, ती वाटी तिनं बोटानं माझ्याकडं सरकवली. तूच खा, एवढंच म्हणाली.

यंदा राखेच्या बुधवारच्या, म्हणजे आमचा उपवासकाळ लागायच्या, आठवडाभर आधी ती गेली. दादानं डाव्या हातानं माती टाकली आणि माझ्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

तोवर त्याची आठवण जायला लागली होती. वयानं म्हणा, शिशानं म्हणा. लुसीनं उमेळ्याला बिल्डिंगमध्ये भाड्यानं खोली घेतली, बापाला तिकडं नेणार होती; तिथं तो जेमतेम महिनाभर जगला. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी भेटायला गेलो. दादा ओट्यावर बसला होता, अंगात इस्त्रीचा शर्ट, मनगटाला तीच बांबूची सुई बांधलेली. मला बघून तोंड एकदम फुललं. कित्येक वर्षांत असं फुललं नव्हतं.

"काय रे दर्याचा राजा! जाला कुठं हाय तुझा? अर्धा दोर राहिलाय. आन, पसर. का शिसा लावायला फादरना बोलवू?"

टोमणा होता. मला. मी त्याच्याजवळ बसलो. लुसी टेम्पोवाल्याशी बोलत होती, आमच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

मी म्हणालो, "दादा, जाला राहू दे. मी आता डॉक्टरीनकडून आलो. ती म्हनते शिसा विष हाय. आज चूल बंद कर. आजच. तुझा हात वाचल."

दादानं भुवया गोळा केल्या. नीट ऐकलं त्यानं, तुकड्याचा आवाज ऐकायचा तसं, मान वाकडी करून.

"मग मना काय सांगत बसलास, येड्या?" तो खेकसला. "तिच्या तोंडात हाय तो. धाव. आधी आग्नेसना सांग."

आणि मला रस्ता दाखवायला त्यानं उजवा हात उचलला, गल्लीपलीकडच्या माझ्या दाराकडं. दंड वर गेला. मनगट आलं नाही. सुतळी सैल झाली होती, सुई एका बाजूला घसरली, आणि पाचही बोटं खाली जमिनीकडं वळून राहिली.